नकाशा येण्याआधी

चि. पोरी,

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मतदारसंघांच्या नकाशांवर काम करायला निघालीस, आणि विचारतेस की आधी कोणता निकाल वाचू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२३चा अ‍ॅलन विरुद्ध मिलिगन वाच, तो याच राज्याच्या नकाशाबद्दल आहे, पण शेजारी तारखा मांडून.

तिथे प्रतिनिधीगृहाच्या ७ जागा. कृष्णवर्णीय सुमारे २७ टक्के, पण त्यांचं बहुमत असलेली जागा एकच. तोच साचा २०२१च्या नोव्हेंबरात पुन्हा मंजूर झाला. जानेवारी २०२२मध्ये फेडरल न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी, कृष्णवर्णीयांच्या मतांचं वजन घटतं म्हणून, तो अडवला, फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या आदेशालाच स्थगिती दिली, आणि त्या वर्षीची निवडणूक त्याच नकाशावर उरकली. जून २०२३मध्ये तेच न्यायालय ५ विरुद्ध ४ने म्हणालं, त्या तिघांचं बरोबर होतं. तोवर मतं पडून गेली होती! विधिमंडळाचा पुढचा नकाशाही टिकला नाही. शेवटी न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाच्या रेषांवर २०२४मध्ये शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले.

१९६५च्या मतदान हक्क कायद्याखाली मतदानात वर्णभेदाचा इतिहास असलेल्या अशा राज्यांना निवडणुकीचे नियम किंवा नकाशे बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची. २०१३च्या शेल्बी काउंटी निकालाने ती अट निकामी झाली. आता नकाशा आधी लागू होतो, भांडण मागाहून. म्हणून तुझं खरं काम नकाशा येण्याआधीचं आहे.

ते काम म्हणजे पायपीट. अलाबामाच्या मध्यातून ‘ब्लॅक बेल्ट’ जातो. नाव पडलं ते काळ्या मातीवरून. वऱ्हाडातल्या माणसाला काळी माती आणि कापूस यांचं नातं समजावायला नको. तिथे तो गुलामांकडून पिकवून घेतला, आणि त्यांचे वंशज आजही त्या पट्ट्यात आहेत. नकाशाने हा पट्टा फोडला. राज्याचं म्हणणं, समुद्रकाठचे लोक एकसंध आहेत, त्यांना तोडू नका. मग पट्ट्यातले लोक एकसंध कशाने, हे कोर्टात दाखवावं लागलं: एकवटलेली गरिबी, अपुरी आरोग्यसेवा, सरकारी सोयींची वानवा. हे आकडेवारीच्या तक्त्यात आपोआप उमटत नाही. दवाखाना किती मैलांवर, शाळेची बस कुठे वळते, हे गावातली माणसंच सांगतात. आपल्याकडे प्रभाग रचनेवर हरकती घेताना ‘वस्ती नाल्यापाशी तोडली’ म्हणणारा एखादा असतोच ना, तसा माणूस शोध.

एक पळवाट मात्र ओळखून ठेव. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या रूचो निकालानंतर पक्षाच्या फायद्यासाठी रेषा वाकवल्याची तक्रार फेडरल न्यायालयं ऐकत नाहीत. त्यामुळे ‘आम्ही वर्ण पाहिलाच नाही, पक्ष पाहिला’ हे उत्तर तुला वारंवार ऐकू येईल. जिथे कृष्णवर्णीय बहुतेक एकाच पक्षाला मत देतात, म्हणजे वर्ण आणि पक्ष जवळजवळ एकच, तिथे ते खोडायला घाम फुटतो. (मला तर ते उत्तर निर्लज्ज वाटतं, पण अर्जात असं लिहू नकोस.)

पहिल्या गावाला जाशील तेव्हा लॅपटॉप गाडीतच ठेव. मोठा कागदी नकाशा आणि चार रंगांची पेनं ने, आणि रेषा त्यांनाच ओढू दे.

तुझी,
मावशी