हिरवा ठिपका दिसतो, पण चार्जिंग होत नाही

प्रश्न : पुणे-कोल्हापूर रस्त्यावर अ‍ॅपमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर ‘उपलब्ध’ दिसतो. तिथे पोचल्यावर कधी सुरूच होत नाही, कधी दोन मिनिटांत बंद पडतो. दोष चार्जरचा की गाडीचा, हे जागेवर कळू शकतं का? (वाचक, सातारा)

उत्तर : बहुतेक वेळा कळतं. फक्त ‘चालत नाही’ यावर न थांबता गाडं नेमकं कुठे अडलं ते पाहायचं.

आधी अ‍ॅपबद्दल. हिरवा ठिपका म्हणजे मशीनचा सर्व्हरशी संपर्क आहे आणि त्याने बिघाड कळवलेला नाही, इतकंच. गनची, म्हणजे गाडीत लावायच्या प्लगची, पिन वाकली असेल तर मशीनला त्याचा पत्ता नसतो. म्हणून निघण्यापूर्वी त्या चार्जरवरच्या आधीच्या नोंदी पाहा, नाहीतर हेल्पलाइनला विचारा : शेवटचं चार्जिंग कधी झालं आणि किती युनिट गेले? काल कोणी 22 युनिट घेतले असतील तर खुशाल जा. ओळीने तीन-चार नोंदी अर्ध्या युनिटाच्याही आत असतील, तर आलेल्या प्रत्येकाने हात टेकलेत असं समजा.

पोचल्यावर स्क्रीन काळी असेल तर बहुधा सप्लाय नाही. स्क्रीन चालू पण ‘बिघाड’ दाखवत असेल, तर लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं आहे का ते बघा. येता-जाता कोणीतरी दाबतं आणि ते आतच अडकून राहतं. जळका वास किंवा सोललेली केबल असेल तर हात लावू नका. तसं काही नसेल तर हेल्पलाइनला कळवून बटण बाणाच्या दिशेने फिरवून सोडा आणि मशीन दुरून रीसेट करायला सांगा.

गन लावल्यावर गाडी ‘प्लग जोडला’ असं दाखवत नसेल, तर दोष वरच्या भागातल्या बारीक पिनांशी. सीसीएस-2 (डीसी जलद चार्जिंगचा प्लग-प्रकार) गनच्या वरच्या गोल भागात अर्थिंग आणि सिग्नलच्या पिना असतात, खालच्या दोन जाड पिनांतून डीसी करंट जातो. माती, पाणी, काळवंडलेली पिन दिसते का ते फक्त पाहा. बोट किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. केबलच्या वजनाने गन खाली झुकते आणि संपर्क अर्धवट राहतो. लॉकचा ‘खट्’ आवाज येईपर्यंत हँडल खालून उचलून धरा. बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटाव्यात.

प्लग ओळखला, पण ‘कम्युनिकेशन एरर’ आली, तर गाडी आणि चार्जर यांची बोलणी फिसकटली. गन काढा, गाडी लॉक करून पाच मिनिटं शांत राहू द्या, मग पुन्हा लावा. जमलं नाही तर शेजारची गन.

त्यापुढचा टप्पा इन्सुलेशन तपासणीचा. करंट सोडण्यापूर्वी चार्जर केबलवर उच्च दाब लावून अर्थकडे गळती आहे का ते पाहतो. इथे अडलं तर काही सेकंदांतच ‘आयसोलेशन फॉल्ट’ येतो. पावसाळ्यात झाकण नसलेल्या गनमध्ये ओल शिरून हे फार होतं. दुसऱ्या जागच्या चार्जरवरही हीच एरर आली, तर मात्र गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

करंट सुरू होऊन काही मिनिटांनी तुटत असेल, तर बहुधा पिना किंवा पॉवर मॉड्यूल (चार्जरमधला डीसी वीज तयार करणारा भाग) तापतंय, नाहीतर सप्लायचा व्होल्टेज पडतोय. तक्रार करताना एरर कोडचा फोटो, वेळ आणि गन क्रमांक द्या. नुसतं ‘चार्जर खराब’ लिहून दुरुस्तीवाल्याला काही कळत नाही.

प्रश्न : पाटी 60 किलोवॉटची, मिळतात जेमतेम 38. फसवणूक आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : लगेच तसं म्हणू नका. मशीनच्या पट्टीवर अँपिअरची मर्यादा वाचा. गन 125 अँपिअरची आणि तुमची बॅटरी 320 व्होल्टची असेल, तर हिशेब 40 किलोवॉटवरच संपतो. शेजारी दुसरी गाडी लागली असेल तर काही मशीन वीज दोघांत वाटतात. 80 टक्क्यांनंतर गाडीच मागणी कमी करते. पारख करायचीच तर 20 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान, एकटी गाडी असताना करा.

प्रश्न : कोकणात आमचं लॉज आहे. 7.4 किलोवॉटचा एसी चार्जर अर्ध्या तासाने बंद पडतो. कंपनीचा माणूस ‘गाडीचा दोष’ म्हणतो. (वाचक, गुहागर)

उत्तर : वेगवेगळ्या गाड्यांना तेच होत असेल तर गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. हा चार्जर तासन्‌तास 32 अँपिअर ओढतो. गिझरसारखा थोडा वेळ नाही. सैल स्क्रू अशा लोडमध्ये तापतोच.

परवानाधारक वायरमनकडून चार्जरच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजून घ्या, आधी बिनलोड, मग पूर्ण लोडवर. समजा 235 चे 205 झाले. तीस व्होल्ट गुणिले 32 अँपिअर म्हणजे 960 वॉट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जाताहेत. 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये 50 मीटरवर साधारण 10 व्होल्टच पडायला हवेत. मग हेच माप मीटरजवळ घ्या. तिथेही 205 च्या आसपास असेल तर महावितरणकडे तक्रार करा. मीटरजवळ ठीक असेल तर मधला प्रत्येक जोड, विशेषतः एमसीबीचे (जास्त करंट गेल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचचे) स्क्रू, तपासा. काळवंडलेलं टर्मिनल आवळून भागत नाही, बदलावं लागतं.

चार्जर बंद पडतो तेव्हा कोणता स्विच पडतो (ट्रिप होतो) तेही पाहा. एमसीबी पडत असेल तर अतिलोड किंवा उष्णता. 32 च्या जागी 40 अँपिअरचा बसवायचा, पण केबल तेवढी जाड असेल तरच. आरसीसीबी (गळती झाल्यास सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल तर गळती शोधा; तो ‘टाइप एसी’ असेल तर या कामाचा नाही. चार्जरमध्ये 6 मिलिअँपिअर डीसी गळती ओळखून सप्लाय तोडायची सोय असेल तर ‘टाइप ए’, नसेल तर ‘टाइप बी’ लागतो. दुरुस्ती होईपर्यंत सेटिंगमध्ये मर्यादा 16 अँपिअरवर आणा. तेवढ्यावर रात्रभर बिनबोभाट चाललं, तर दोष वायरिंगकडेच असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : गन गाडीत अडकली तर? (वाचक, ठाणे)

उत्तर : ओढू नका. सीसीएस-2 मध्ये लॉक गाडीकडून लागतं. आधी अ‍ॅपमधून चार्जिंग थांबवा, चावीने गाडी लॉक-अनलॉक करा, गन किंचित आत ढकलून पुन्हा प्रयत्न करा. तरी सुटली नाही तर काही गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने सोडायची दोरी असते. जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.