विचारा बिनधास्त: पत्रिकेची फाइल एपीके कशाला असेल?

या महिन्यात मोबाइल-कॉम्प्युटरच्या फसवणुकीवरचीच पत्रं जास्त आली, त्यामुळे गॅजेट खरेदीवाल्यांनी जरा थांबा, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न: दादा, आमच्या नात्यातल्या एकांच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, नावापुढे डॉट एपीके असं होतं. आमच्या ह्यांनी उघडली, काहीतरी परवानगी मागितली ती पण दिली, पण पत्रिका काही दिसेना. ह्यांना वाटलं नेट स्लो असेल. संध्याकाळपासून पाहुण्यांचे फोन येतायत की तुमच्याकडून पत्रिका आली, लग्न कुणाचं? बँकेत पैसे अजून जागेवर आहेत. आता काय करू? (एक गृहिणी, तासगाव)

उत्तर: ताई, तुम्हाला मेलवर लगेच कळवलंच होतं, अंक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नाही. इथे बाकीच्यांसाठी लिहितोय, कारण सेम टू सेम प्रकार "आरटीओ चलन", "पीएम किसान", "वीजबिल अपडेट" अशा नावांनीपण फिरतोय.

एपीके म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, फार हौशी मंडळी असतील तर व्हिडिओ असेल, पण पत्रिका बघायला अ‍ॅप टाकावं लागत नाही. तुमच्या ह्यांनी जी परवानगी दिली ती बहुतेक एसएमएस वाचायची असणार, म्हणजे आता बँकेचा ओटीपी आला की तो तुमच्या आधी त्या चोराला दिसतो, आणि नंतर असली अ‍ॅप स्वतःचं आयकॉनही लपवून बसतात, त्यामुळे "काहीच झालं नाही" असं वाटतं. आणि ज्या पाहुण्यांच्या नंबरवरून ती आली त्यांना शिव्या घालू नका, त्यांचाही फोन असाच गेलेला आहे, तुमच्या नंबरवरून पुढे गेली तशीच.

करायचं काय तर पहिलं फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि वायफाय पण बंद आहे ना ते बघायचं. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला, कार्डाच्या मागे छापलेला असतो ना त्या नंबरवर, फोन करून नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड सगळं ब्लॉक करायला सांगायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावायचा, हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, तिथे तक्रार पडली की पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवायचा प्रयत्न होतो, म्हणून तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी सावकाश केलेला फोन यात जमीन अस्मानाचा फरक पडतो. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. बँकेकडून तक्रार नंबर घ्या, नुसतं "हो करतो" वर फोन ठेवू नका, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ग्राहकाचीच असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ती जबाबदारी बँकेची. कळवलं कधी याचा पुरावा तुमच्याकडे पाहिजे.

नंतर तो फोन फॅक्टरी रिसेट, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करायचा. फोटो आधी दुसरीकडे काढून घ्या, पण अ‍ॅप सगळी प्ले स्टोअरवरून नव्याने टाका. अ‍ॅप नुसतं अनइन्स्टॉल केलं तर चालेल का असं बरेच जण विचारतात, कधी चालतं कधी नाही, मी असतो तर रिस्क घेतली नसती. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, आणि रिसेटच्या आधी त्याच फोनवर बसून नाही! व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट मारा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा.

ज्यांच्याकडे अजून अशी पत्रिका आली नाही त्यांनी आत्ताच सेटिंग्जमध्ये "इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स" शोधा, तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांना नाही करून टाका. लग्नसराई तोंडावर आहे.

प्रश्न: पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून मी डायरीत लिहितो. मुलगा चिडतो. कोण बरोबर? (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर: सर, तुम्ही! मुलाला दाखवा हे. चोर बसलाय कुठल्यातरी लांबच्या शहरात, तो काही चिपळूणला येऊन तुमचं कपाट उघडत नाही. डायरी घरात आहे, खिशात घेऊन हिंडत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड आहे, एवढं असेल तर ती बऱ्याच जणांपेक्षा बरी सोय आहे. फक्त एटीएम आणि यूपीआयचे पिन त्यात नकोत. खरा धोका आहे तो एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात, कारण कुठल्यातरी फालतू शॉपिंग साइटचा डेटा फुटतो आणि तोच ईमेल तोच पासवर्ड घेऊन चोर जीमेलवर, फेसबुकवर ट्राय मारत सुटतात. त्यातही ईमेलचा पासवर्ड सगळ्यात तगडा ठेवा, कारण बाकीच्या खात्यांचं "पासवर्ड विसरलात?" शेवटी ईमेलवरच येतं.

मुलगा अ‍ॅप वापरा म्हणत असेल तर तेही चुकीचं नाही, बिटवॉर्डन नावाचा पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारी सोय) फुकटात चांगला चालतो आणि त्याचा कोड उघडा आहे, म्हणजे जगातलं कुणीही तपासू शकतं. पण पासवर्ड मॅनेजर कंपन्यापण फुटतात, लास्टपासमधून २०२२ साली ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या होत्या, आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद होते, पण ज्यांचा मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडायचा मुख्य पासवर्ड) कच्चा त्यांच्या डोक्याला ताप. म्हणून मास्टर पासवर्ड लांबलचक पाहिजे, चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लागोपाठ लिहिलेत तरी मस्त होतो.

प्रश्न: हॉस्टेलच्या वायफायवर बऱ्याच साइट बंद आहेत. फ्री व्हीपीएन वापरला तर चालेल ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: मित्रा, हॉस्टेलचे नियम तू आणि तुझे रेक्टर बघून घ्या. बाकी व्हीपीएन म्हणजे तुझं सगळं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवायची सोय, आणि सर्व्हर चालवायला पैसा लागतो, तो तू देत नसशील तर कुठूनतरी येतोय. होला नावाचा फ्री व्हीपीएन लाखो लोक वापरायचे, २०१५ मध्ये बाहेर आलं की कंपनी त्या लोकांचंच नेट कनेक्शन दुसऱ्यांना भाड्याने देत होती. फेसबुकचा ओनावो होता, तो तर लोक फोनवर काय वापरतात हे फेसबुकलाच सांगायचा, अ‍ॅपलने २०१८ मध्ये त्याला स्टोअरवरून बाहेर काढायला लावलं. फुकटातच पाहिजे तर ज्या कंपनीचा पेड प्लॅनवर धंदा चालतो तिचा मर्यादित फ्री प्लॅन घे, प्रोटॉनचा आहे तसा. आणि बँकेचं काम करायचं असेल तर मोबाइल डेटा वापर की, काय बिघडतंय.

प्रश्न: आमचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. पेजमेकर, फोटोशॉप, कोरल सगळं क्रॅकवाल्याकडून, म्हणजे लायसन्स तोडलेलं, टाकून घेतलेलं. तो येतो, अँटीव्हायरस बंद करायला सांगतो, टाकतो, पाचशे घेतो आणि जातो. मागच्या महिन्यात सगळ्या फाइल्सच्या नावापुढे वेगळीच अक्षरं आली, एक फाइल उघडेना आणि डॉलर मागणारी चिठ्ठी. निवडणुकीची सगळी कामं गेली. तो माणूस म्हणतो माझ्यामुळे नाही. (डीटीपी व्यावसायिक, लातूर)

उत्तर: त्याच्यामुळेच झालं असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, पण संशय तिकडेच जातो. फाइलच्या नावाला शेपूट लावणारं स्टॉप नावाचं एक रॅन्समवेअर (फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस) कुटुंब आहे, त्याला डीजेव्हीयू पण म्हणतात, ते मुख्यतः क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटर यातूनच पसरलं. आणि जरा विचार करा ना, जे सॉफ्टवेअर टाकायला आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो ते टाकताना पहारेकरी तुम्ही स्वतः घरी पाठवलेला असतो. क्रॅक बनवणाऱ्याने रात्री जागून हे काम समाजसेवा म्हणून केलंय असं धरून चालायला माझा तरी जीव होत नाही.

पैसे भरू नका. भरून फाइल्स मिळतीलच याची कसली पावती नाही. नो मोअर रॅन्सम म्हणून एक साइट आहे, युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांना सोबत घेऊन २०१६ मध्ये सुरू केलेली, तिथे एक बिघडलेली फाइल आणि ती चिठ्ठी टाकली की कुठला प्रकार आहे ते कळतं आणि तोड निघालेली असेल तर ती फुकट मिळते. नसेल निघालेली तरी त्या फाइल्स पुसू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या, काही प्रकारांच्या चाव्या नंतर पोलिसांच्या हाती लागलेल्या आहेत. १९३० वर तक्रार कराच, क्रॅकचं सॉफ्टवेअर होतं म्हणून लाजून गप्प बसू नका.

आता पुढचं. "सगळं ओरिजिनल घ्या" म्हणणं सोपं आहे, लातुरात पंचवीस रुपये फुटाने फ्लेक्स मारणाऱ्याला अडोबीचं दर महिन्याचं भाडं परवडतं का हा खरा प्रश्न आहे, आणि तो मी टाळत नाही. पेजमेकरचं तर अजून विचित्र, त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची, म्हणजे विकत घ्यायचं म्हटलं तरी आज कंपनी ते विकत नाही, पण जुन्या फॉन्टात बसवलेली पुस्तकं, लेटरहेडं सगळं त्यातच अडकलंय. त्यासाठी उपाय एकच, तो कॉम्प्युटर नेटपासून कायमचा तोडा. वायर काढा, वायफाय बंद, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच याला लावा. मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, बँक हे सगळं दुसऱ्या मशीनवर, आणि त्या दुसऱ्यावर क्रॅकचं एकही सॉफ्टवेअर नको. नवीन कामं हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट वाचता येणाऱ्या मराठीत, आणा, मुक्त, बलू असे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत, चांगले आहेत, छपाईलाही चालतात. फ्लेक्ससाठी इंकस्केप, फोटोला गिंप, पानं लावायला स्क्रायबस, पत्रव्यवहाराला लिब्रेऑफिस, हे सगळं कायदेशीर फुकट. कोरलवर हात बसलेल्या माणसाला इंकस्केपचा सुरुवातीला भयंकर राग येतो, येऊ दे.

फुकट आहे म्हणून गूगलवर नाव टाकून पहिल्या निकालावर क्लिक करू नका मात्र. वरचे एक-दोन बऱ्याचदा जाहिराती असतात आणि व्हीएलसी, ओबीएस, सेव्हन-झिप अशा नावांच्या हुबेहूब नकली साइट जाहिराती देऊन वर आल्याची उदाहरणं आहेत. अधिकृत साइटचा पत्ता विकिपीडियाच्या पानावरून घ्यायची सवय चांगली. तिथून घेतलं तरी शंभर टक्के गॅरंटी कुणी देत नाही, २०१७ मध्ये सीसीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करायच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच चोरांनी व्हायरस घुसवला होता. पण तो महिन्याभरात पकडला गेला, कारण मागे कंपनी होती, तपासणारी माणसं होती, अपडेट पाठवायची सोय होती. क्रॅकवाल्याच्या मागे कोण आहे?

आणि बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, रोज संध्याकाळी कॉपी करा आणि काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. लावलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिच्यातल्या फाइल्सपण खातं, हे बऱ्याच दुकानदारांना फाइल्स गेल्यावर कळतं.

प्रश्न: अँटीव्हायरस विकत घ्यावा की नको, एका वाक्यात सांगा. (नाशिक)

उत्तर: विंडोज ११ वर आधीपासूनच असलेला डिफेंडर हा अँटीव्हायरस चालू आणि अपडेट असेल तर घरगुती वापराला पुरतो. दुसरं वाक्य फुकट देतो: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याची आधी सोय लावा. आणि तिसरं, नावाजलेला म्हणजे सज्जन असं समजू नका, अ‍ॅव्हास्टने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये त्यांच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरची कारवाई केली.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला असते. ती म्हणते, बाबा डिजिटल अरेस्टचं फार वाढलंय, अनोळखी फोन उचलूच नका. पण मग गॅसवाला, कुरिअरवाला, सोसायटी, सगळेच अनोळखी. (ज्येष्ठ नागरिक, कोथरूड, पुणे)

उत्तर: काका, साधे फोन उचला की. अडचण होते ती पुढे, खोटे पोलीस तुम्हाला व्हिडिओ कॉलवर नेऊन "कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" म्हणतात तिथे. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बात मध्ये हेच सांगितलं होतं, आणि पोलीस असोत, सीबीआय असो की ईडी, व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे "तात्पुरते" ट्रान्स्फर करायला सांगत नाहीत. शिकलेला माणूस फसत नाही हा मात्र गैरसमज, वर्धमान ग्रुपचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये चक्क खोटं सुप्रीम कोर्ट ऑनलाइन दाखवून सात कोटी काढून घेतले होते. या चोरांचं सगळं भांडवल तुम्हाला एकटं पाडण्यात आहे. तेव्हा फोन कट करा आणि शेजारच्या वहिनींना मोठ्याने सांगा, बस. न्यू जर्सीत रात्र असली तरी मुलीला उठवा, ती रागावणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे, ती चालू करा. मुलीचा नंबर सेव्ह आहे म्हणजे तिचा वाजेल. कुरिअरवाला साध्या कॉलवर येतो.

प्रश्न: बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधला तर भलताच माणूस निघाला, स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाका म्हणाला. मी टाकलं नाही. खरी साइट ओळखायची कशी? (कणकवली)

उत्तर: टाकलं नाहीत ते उत्तम केलंत. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपल्या साइटचा पत्ता "डॉट बँक डॉट इन" वर न्यायला सांगितलं होतं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन, आणि हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळे ब्राउझरमध्ये शेवट बघायचा. बँकेच्या नावानंतर डॉट बँक डॉट इन आणि लगेच तिरकी रेघ किंवा काहीच नाही, तर ठीक. त्यापुढे अजून एखादा डॉट आणि शब्द चिकटलेला असेल, किंवा डॉटच्या जागी डॅश दिसत असेल, तर टॅब बंद. नंबर पासबुकवर छापलेला असतो, सहकारी बँकेचं खातं असेल तर सरळ शाखेत जा.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना खाते नंबर, आधार नंबर, ओटीपीचे स्क्रीनशॉट कृपया जोडू नका. या वेळीही काहींनी जोडले होते, ते डिलीट केलेत.)