जुना फ्यूज बोर्ड काढून एमसीबीचा (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) डीबी, म्हणजे सगळ्या सर्किटांचं खोकं, बसवतोय. मेन ३२ ऐवजी ६३ अँपिअरचा टाकावा का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: घर जुनं, बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, एसी आणि गीझर एकदम लावले की त्यातला एक हमखास उडतो. वायरमन म्हणतो, नवा डीबी बसवू, मेन ६३ चा टाकू, आतलेही सगळे मोठे टाकू, मग काही पडणार नाही.

पडणार नाही हे खरं आहे. पण पडायला हवं तेव्हाही पडणार नाही, अडचण तिथे आहे.

मी गेली बरीच वर्षं वायरिंगचीच कामं करतो आणि हा घोळ दर दोन-चार घरांत बघतो. एमसीबी एसीला किंवा गीझरला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो. म्हणून आधी वायर बघायची, मग एमसीबी निवडायचा. तांब्याची वायर असेल तर साधारण हिशेब असा: दीड स्क्वेअरला (चौरस मिलिमीटर, म्हणजे वायरीची जाडी) ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, अडीचला १६, चारला २० ते २५, सहाला ३२. घरात दीडची वायर आणि डीबीत ३२ चा एमसीबी असेल, तर वायर भिंतीत भाजून निघेल आणि एमसीबी शांतपणे चालू राहील. मेन ६३ चा करायचा तर मीटरपासून येणारी वायरही १६ स्क्वेअरच्या आसपास हवी आणि तेवढा लोड मंजूर हवा. नुसतं खोकं बदलून यातलं काहीच होत नाही.

आता तुमचा फ्यूज का उडतो ते बघू. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो. एसीचे ७-८ धरा. शिवाय साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट करंट ओढतो. हे दोघं एकाच फ्यूजवर असतील, आणि जुन्या घरात बहुतेक असतातच, तर फ्यूज आपलं काम चोख करतोय. त्यावरचा उपाय म्हणजे एसीला एक आणि गीझरला एक अशा चार स्क्वेअरच्या दोन वेगळ्या वायरी थेट डीबीपासून ओढायच्या, दोन्हींना आपापला २० चा एमसीबी द्यायचा. एसीचा ‘सी’ कर्व्हचा घ्या. तो रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला झटक्यात पडतो, ‘बी’ वाला ३ ते ५ पटीलाच पडतो, म्हणून एसी सुरू होताना उगाच त्रास देतो. इतकं केलंत तर मेन ३२ चाच राहिला तरी कदाचित भागेल. घरातला सगळा लोड मांडून बघा.

जुनी वायर तपासायला एक साधी खूण सांगतो. वायरमनला मेन बंद करून एक स्विचबोर्ड उघडायला लावा आणि आतली वायर हळूच वाकवायला सांगा. प्लास्टिकला तडे गेले किंवा ते नखाने सुटलं, तर नवा डीबी राहू दे, आधी वायरिंग. चांगला वायरमन त्यापुढे जाऊन ५०० व्होल्टचा मेगर लावून प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजेल. मोजत नसेल तर मोजायला लावा.

मागे एका घरी लाइट मिणमिणते म्हणून गेलो होतो. डीबी नवाकोरा, एमसीबी चांगले. न्यूट्रलच्या पट्टीवर एका वायरीचं काळं प्लास्टिक दोन बोटं लांबीपर्यंत तपकिरी पडलेलं, आणि तिचा स्क्रू मी पेचकस न लावता चिमटीने फिरवला. लूज कनेक्शनमध्ये अर्धा ओहम रेझिस्टन्स आला आणि त्यातून १० अँपिअर गेले तर त्या एका स्क्रूवर ५० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे डीबीत एक सोल्डरिंग आयर्न कायम चालू ठेवल्यासारखं. करंट नेहमीइतकाच असल्यामुळे एमसीबीला यातलं काही कळत नाही, आरसीसीबीलाही (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचलाही) नाही. म्हणून मी एमसीबीच्या कंपनीपेक्षा कनेक्शन कसं आवळलंय ते जास्त बघतो. बारीक तारांच्या वायरीला टोकाला लग (धातूची टोपी) दाबलेला हवा आणि एका स्क्रूखाली दोन वायरी नकोत. काही महिन्यांनी सगळे स्क्रू पुन्हा तपासून घ्या.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा बसवाच, यावर मी वाद घालत नाही. तो फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का ते बघतो, आला नाही तर तोडतो. पण जुन्या घरात तो पहिल्याच संध्याकाळी पडण्याची तयारी ठेवा. एका दुमजली घरात आम्ही वर-खाली दोन वेगळे बसवले. जिन्याचा दिवा लावला की दोन्ही खाली! मालक म्हणाले, माल खराब आहे, बायपास करून टाका. तीन तास शोधलं तेव्हा सापडलं: त्या दिव्याला फेज खालून दिलेला आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून उचललेला. कधीतरी कुणीतरी दहा फूट वायर वाचवली होती. त्या दिव्याला नवी न्यूट्रल ओढली आणि प्रश्न संपला. तेव्हा तुमचा वायरमन ‘बायपास’ म्हणाला तर त्याला आधी न्यूट्रल शोधायला सांगा.

अर्थिंग नसेल तरी आरसीसीबी चालतो, फक्त गळती होताच पडण्याऐवजी कुणी हात लावल्यावर पडतो. हा फरक अंगावर अनुभवण्यासारखा नाही, तेव्हा अर्थिंगही मोजून घ्या. आरसीसीबीवरच्या टेस्ट बटणाने अर्थिंग तपासली जात नाही, फक्त आतली यंत्रणा पडते का ते कळतं. तरी ते अधूनमधून दाबत जा.

डीबी घेताना दोन-तीन जागा रिकाम्या राहतील असा घ्या.

आणखी नेमकं हवं असेल तर बोर्डाचा आणि मीटरकडून येणाऱ्या वायरीचा फोटो टाका, जाडीचा अंदाज सांगतो. झाकण मात्र स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या त्याच्या टोकांना वीज असतेच.