सॅक मशीनला लावायच्या आधी एवढं वाच

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. पन्हाळा-पावनखिंड ट्रेक करून आलास, सॅकला कुबट वास मारतोय, आतनं पांढरे पापुद्रे सुटायलेत, हाताला चिकट लागतंय, आणि आता विचारायलास की वॉशिंग मशीनला लावू का. नको लावू. मी लावलीय.

सॅक किती लिटरची, वजन कमरेवर कसं घ्यायचं हे तुला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. मुद्दा हा की ते पापुद्रे म्हणजे घाण नव्हे. कापडाला आतल्या बाजूनं पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, पाणी अडावं म्हणून. ओल आणि उष्णता दोन्ही मिळून तो थर हळूहळू खलास करतात, आधी चिकट होतो, मग ओकारीसारखा आंबूस वास, मग सोलून निघतो. चिखलानं सॅकला फारसं काही होत नाही, ओलीनं होतं. हे कळायला मला तीन पावसाळे आणि एक महागातली सॅक लागली.

माझं काय व्हायचं सांगतो. बाजीप्रभूंची लढाई १३ जुलै १६६० ची, त्यामुळं मोहिमा पण त्याच सुमाराला असतात, म्हणजे ऐन धो धो पावसात. मसाई पठारावर आडवा पाऊस, पुढं नुसता लाल चिखल. घरी आलो की मी सॅक बाहेरनं पाइपनं चकाचक धुवायचो, लाल डाग गेला की खूश. मग एक दिवस गॅलरीत टांगायची, वरनं हात लावला की कोरडी लागायची, रेनकव्हर चढवून माळ्यावर. पट्ट्यांतला आणि कमरेच्या बेल्टमधला फोम आतनं ओलाच असायचा, आणि वर माळ्यावर पत्र्याची धग. दिवाळीच्या सफाईला सॅक खाली यायची, तोवर चार महिने आत काय शिजत होतं देव जाणे. सलग तीन वर्षं हेच केलं. तिसऱ्या वर्षी उघडली तर आतल्या कप्प्याच्या दोन्ही बाजू एकमेकांना चिकटलेल्या, टराटर आवाज करत सुटल्या.

आणि मग मी शहाण्यानं ती मशीनला लावली, पावडर टाकून, गरम पाण्यात. सगळा थर सुटून त्याचा लगदा झाला, फिल्टर तुंबला, पाणी निघेना, बकलांचा आत धडाधड आवाज. मशीनवाला येऊन गेला त्याचे पैसे वेगळे, आणि आईचं बोलणं अजून संपलेलं नाही.

कंपनीची वॉरंटी होती म्हणून फोन केला. नाव घेत नाही. फोटो पाठवा, पाठवले. बिल पाठवा, पाठवलं. मग म्हणे सॅक पुण्याला आणून दाखवा. एसटीनं गेलो, काउंटरवरच्या माणसानं चेन उघडून पण बघितली नाही, म्हणाला हा वापराचा दोष, फॉल्ट नाही. आता दोष माझाच होता हे मान्य, पण मग फोटो बघूनच सांगायचं ना, माझा अख्खा शनिवार कशाला घालवला? आणि सॅकसोबतच्या कागदावर धुवायचं, वाळवायचं एक अक्षर नव्हतं. असो, विषय भरकटला.

तू आता काय करशील. चेन सगळ्या उघड, आतली पट्टी किंवा फ्रेम निघत असेल तर काढ, उलटी करून झटक (अंगणात झटक, मी एकदा हॉलमध्ये झटकली आणि जळू सोफ्यावर चालायला लागली). सुटलेले पापुद्रे ओल्या जाड फडक्यानं चोळून काढ. टबात साधं पाणी, थोडा सौम्य साबण, हातानं. ब्लीच नको, सॉफ्टनर नको. मी रिठ्याचं पाणी वापरतो, मला बरं वाटतं, शास्त्रीय काय माहीत नाही. चेनला जुना टूथब्रश. मग सावलीत उलटी टांग, तोंड उघडं, आत पेपर कोंबून पेपर बदलत रहा. कोल्हापूरच्या जुलैत एका दिवसात काय वाळत नाही, फॅनखाली तीन-चार दिवस धर. बंबाजवळ किंवा गॅसजवळ अजिबात नको. फोम दाबून बघ, गार लागला म्हणजे अजून ओलाय.

गेलेला थर परत येत नाही. बाजारात स्प्रे मिळतात ते बाहेरच्या कापडावर पाणी थांबू नये म्हणून, आतल्या थराची जागा ते घेत नाहीत, दुकानदार काहीही सांगू दे. पण सॅक फेकू नकोस. शिवण आणि पट्टे धड असतील तर आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून वापर, खताच्या पोत्याच्या आतली चालते, फक्त स्वच्छ धुऊन. खरं सांगायचं तर नव्या सॅकलाही तीच लागते, कारण पाठीच्या बाजूला रेनकव्हर नसतंच, तिथनं पाणी उतरतं आणि कव्हरच्या तळाला डबकं साचतं. माझ्या कव्हरला मी खाली छोटं भोक पाडलंय. लोक हसतात, हसू देत.

वाटेत स्वच्छ ठेवायचं म्हणशील तर माझे दोनच हट्ट. चिखलात सॅक टेकवायला खाली एक प्लॅस्टिकचं पोतं, आणि खर्डा कायम घट्ट झाकणाच्या डब्यात. पिशवीत नको. खर्ड्याचं तेल कापडात मुरलं की वास जात नाही, आणि मुक्कामाला शाळेच्या व्हरांड्यात उंदीर त्या वासावर येऊन सॅक कुरतडतात, माझ्या ग्रुपातल्या एकाची अशी गेलीय. चिवडा पण रात्री सॅकमधनं काढून वर टांग.

तळाच्या शिवणीचा आणि खांद्याचा पट्टा जिथं जोडलाय तिथला फोटो टाक. तिथं उसवली असेल तर आमच्या गल्लीत बॅगा शिवणारे मामा आहेत, जाड दोऱ्यानं पक्की शिवून देतात. वाळवून ने फक्त, ओली सॅक ते हातात घेत नाहीत.