दुकान विकायचं म्हणतोस, तर आधी वही काढ

गड्या, रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान विकायला काढलंस, पण भाव फक्त मशीन अन् पान्यांचा धरलास. तिथंच घाटा आहे. घेणारा पैसे मोजतो ते तू गेल्यावरही गिऱ्हाईक येत राहील याचे.

मी माझं दुकान दिलं तेव्हा सगळ्यात जास्त भाव एका तेलकट वहीनं मिळवून दिला. गावोगावची मोटार, किती एचपी, किती स्लॉट (तार बसवायच्या खाचा), तारेचा गेज म्हणजे जाडी, तारेचे वेढे किती, सगळं त्यात. घेणाऱ्यानं पानं उलटली अन् घासाघीस थांबवली. तुझी वही नसेल तर आजपासून लिही. एक खरीप अन् एक रब्बी त्यात येऊ दे, मगच दुकान घेणारा पाहा. फवारणी पंपाचं काम श्रावण-भाद्रपदात, मोटारींचं हरभरा-गव्हाच्या ओलिताला. दोन्ही हंगाम कागदावर दिसले पाहिजेत.

उधारी किमतीत धरू नकोस. "कापूस विकला की देतो" म्हणणारा तुला ओळखतो, नव्या माणसाला नाही. ती तूच वसूल कर. तांब्याची तार त्या दिवशीच्या दरानं तोलून दे, जळालेलं तांबं वेगळं.

जीएसटी नंबर असेल तर तो तुझ्या पॅनवर आहे, विकता येत नाही. जागा भाड्याची असेल तर मालकाशी आधी बोल.

अन् कारागीर पोराला शेवटी कळवू नकोस रे. त्याचा हात बसलाय, तो थांबला तरच दुकानाला किंमत आहे.