उलटणारी गाय आणि पावडरचा डबा

प्रश्न: माझी होल्स्टीन संकरित गाय तीनदा भरवली (रेतन करून घेतलं), तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. एका विक्रेत्यानं सांगितलं, "बीजांड पिकायला एन्झाइम कमी पडतंय," आणि खाद्यातून द्यायला पावडरचा डबा दिला. शिवाय सकाळी माज कळवला तरी आमचे डॉक्टर संध्याकाळीच येतात. याला काय म्हणायचं?
– एक दूध उत्पादक, फलटण तालुका

उत्तर: डॉक्टरांवर रागावू नका, त्यांचा हिशेब बरोबर आहे. डब्याचा चुकलाय.

एन्झाइमशिवाय बीजांड पिकत नाही, एवढं त्या विक्रेत्याचं खरं. पण ते एन्झाइम बीजांडाच्या पोटातच असतं. कालवड जन्मायच्या आधीपासून तिची बीजांडं अर्धवट अवस्थेत झोपलेली असतात. त्यांना झोपवून ठेवतो सायक्लिक एएमपी नावाचा रेणू. माज सुरू होताना मेंदूकडून एलएच संप्रेरकाची लाट येते, तेव्हा बीजांडातलं फॉस्फोडायएस्टरेज हे एन्झाइम मोकळं होतं आणि त्या रेणूचा फडशा पाडतं. मग सीडीके 1 हे दुसरं एन्झाइम जागं होतं, केंद्रकाचं आवरण विरघळतं, आणि गाईच्या 60 गुणसूत्रांपैकी निम्मी बाहेर टाकली जातात. याला जवळजवळ 24 तास लागतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीची बरीच वर्षं मी कत्तलखान्यातून म्हशींचे बीजांडकोश थर्मासमध्ये कोमट सलाइनात घालून प्रयोगशाळेत आणत असे. एका बीजांडकोशातून एखाददुसरं चांगलं बीजांड मिळालं तरी आम्ही खूश! ती बीजांडं 38.5 अंश तापमानात, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायची. द्रवात सीरम आणि संप्रेरकं असत, पिकवणारं एन्झाइम कधीच नाही. तरी दुसऱ्या दिवशी बघावं तर भोवतीच्या पेशी भिजलेल्या सब्जासारख्या फुगून मोकळ्या झालेल्या. (तो चिकट गरही त्या पेशींच्याच एका एन्झाइमनं केलेला.) कोशाबाहेर काढलं की बहुतेक बीजांडं आपणहून पिकायला लागतात. कोश त्यांना थोपवून धरत असतो, एवढंच.

आता डबा. खाद्यातली एन्झाइमं ही प्रथिनं. कोठीपोटात आणि आतड्यात त्यांचं पचन होतं. चाऱ्याच्या पचनाला त्यांतली काही मदत करतील, पण बीजांडापर्यंत एकही पोचत नाही.

संध्याकाळचं गणितही इथंच आहे. माज सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 32 तासांनी बीजांड सुटतं आणि मोजकेच तास टिकतं. शुक्राणूंनाही गर्भमार्गात तयार व्हायला काही तास लागतात. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तुमच्याकडून मात्र एक हवं: गाय दुसऱ्या गाईला अंगावर घेऊन स्थिर उभी राहिली, ती वेळ कॅलेंडरवर लिहा. "सकाळी कधीतरी" चालणार नाही. पहाटे धार काढताना दिसलेला माज आदल्या रात्री नवालाच सुरू झालेला असू शकतो.

उन्हाळ्यात भरवली असेल तर तापलेल्या गोठ्याचाही बीजांडावर परिणाम होतो. आणि चौथ्यांदा भरवण्याआधी गर्भाशय तपासून घ्या. सोट (माजाच्या वेळी येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ नसेल, त्यात पांढरे कण दिसले, तर त्या माजाला भरवू नका. आधी उपचार.