आंब्याच्या पैशांवर सायबर पोलिसांचं कुलूप

प्रश्न : मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार, वय ६३. एप्रिलमध्ये हैदराबादहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. २,८०० रुपये दराने २२ पेट्या ठरल्या. त्याने व्हॉट्सअॅपवर माझ्या क्यूआर कोडचा फोटो मागितला आणि म्हणाला, "पैसे माझे भावोजी टाकतायत." ६१,६०० रुपये आले, पेट्या खासगी बसने रवाना केल्या. बारा दिवसांनी माझं खातंच बंद! त्यात ४ लाख १२ हजार आहेत. बँक म्हणते, तेलंगणातल्या सायबर पोलिसांचा आदेश आहे, तिकडे जाऊन एनओसी आणा. मग 'पोलीस बोलतोय' म्हणून एकाचा फोन आला : तक्रारदार बाईंच्या नंबरवर ६१,६०० टाका, लगेच खातं खुलं करतो. टाकून मोकळा होऊ का? मला अटक होईल का? तेलंगणात जावं लागेल का? बागेतल्या गड्यांची मजुरी थकली आहे, कर्जाचा हप्ता तोंडावर आहे.

उत्तर : पैसे टाकू नका. बाकीचं नंतर बोलू, हे आधी, कारण तुमचा हात फोनकडे जात असणार.

फोनवरचा माणूस खरंच पोलीस होता की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. समजा होता. तरी तुम्ही परस्पर पाठवलेली रक्कम गुन्ह्याच्या कागदात कुठेच दिसणार नाही. बँकेने अडवलेले ६१,६०० तसेच अडकून राहतील आणि उद्या कोर्टाने तेच त्या बाईंना द्यायला सांगितलं, तर एकाच मालाचे पैसे तुम्ही दोनदा मोजलेत. वर 'चूक नव्हती तर पैसे परत का केले' हा प्रश्न आहेच. खातं उघडून देतो म्हणणारे एजंटही सध्या टेलिग्रामवर फिरतात. त्यांच्या नादी लागू नका.

आता झालं काय ते समजून घ्या. ठगाने तुमचा क्यूआर कोड स्वतःसाठी मागितलाच नव्हता. तो त्याने त्या बाईंना पाठवला. त्यांना काय थाप मारली असेल ते असेल, पण त्यांनी कोड स्कॅन केला आणि पैसे थेट तुमच्या खात्यात पडले. पैसे तुमच्याकडे, आंबा ठगाकडे. आंबा विकून त्याने रोकड केली, त्याचं स्वतःचं खातं कुठेच आलं नाही. पैसे आले त्या दिवशीचा यूपीआयचा मेसेज उघडून बघा. पैसे देणाऱ्याच्या जागी एका बाईचं नाव असेल, आणि तुम्हाला तर भावोजी सांगितले होते.

त्या बाईंनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला की व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक केंद्रीय यंत्रणेत चढतो आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच निरोप जातो. तिथून पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला. अशा प्रत्येक टप्प्याला पोलीस 'लेअर' म्हणतात. तुमचं खातं पहिल्याच लेअरला आहे, म्हणून पोलिसांच्या पडद्यावर तुम्ही ठगाच्या सगळ्यात जवळचे दिसता. पेट्या बसमध्ये चढवल्या हे पडद्यावर दिसत नाही, ते तुम्हालाच दाखवावं लागेल.

अटकेचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीच्या मालाच्या व्याख्येत आता फसवणुकीने मिळवलेला मालही आला आहे. जुन्या दंड संहितेच्या व्याख्येत तो नव्हता. म्हणून काही ठिकाणी हे कलम दाखवून भीती घातली जाते. पण गुन्हा व्हायला माल फसवणुकीचा आहे हे माहीत असणं, किंवा तसं वाटायला सबळ कारण असणं, आणि तरीही अप्रामाणिकपणे तो घेणं किंवा ठेवून घेणं लागतं. बाजारभावाने आंबा विकून पैसे घेणाऱ्यावर हे लागू करणं कठीण आहे. मात्र आता तुम्हाला कळलं आहे. त्यामुळे उद्या खातं उघडलं तरी वादातली रक्कम काढू नका, फिरवू नका.

तेलंगणात लगेच धावण्याचं कारण नाही. साक्षीदार म्हणून बोलावणं आलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठीच्या पुढच्या पुरुषाला राहत्या ठिकाणाबाहेर हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. तुम्ही ६३ चे आहात, उत्तरात वय लिहा आणि आधारची प्रत जोडा. नोटीस कलम ३५(३) ची असेल तर गोष्ट वेगळी : ती संशयिताला येते आणि ती दुर्लक्षिली तर अटकेचं निमित्त मिळतं. तशी आली तर त्याच दिवशी वकील गाठा.

आता कुलपाचं. पोलिसांना खातं गोठवताच येत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बँक खातं ही 'मालमत्ता' आहे आणि तपासात पोलीस त्यावर बंदी घालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच, महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नियोगी या प्रकरणात सांगितलं. तो अधिकार आज याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. पण त्याच कलमात जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब देण्याचं बंधनही आहे, आणि ती दिली का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गुन्ह्यातून आलेला पैसा म्हणून खातं रोखायचं असेल तर कलम १०७ खाली दंडाधिकाऱ्यांचाच आदेश हवा, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. त्याआधी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बँकांना सांगितलं होतं की, पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं रोखा. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण अर्जात जरूर टाका.

माझा सगळा भर या रकमेपुरतंच खातं रोखण्याच्या मुद्द्यावर आहे. वाद ६१,६०० चा आहे. उरलेल्या साडेतीन लाखांचा त्या बाईंशी, ठगाशी, कुणाशीच संबंध नाही. म्हणून 'खातं उघडा' असा मोघम अर्ज करू नका. 'वादातल्या रकमेवर लीन ठेवा, बाकीचं खातं चालू करा' असा करा. लीन म्हणजे फक्त तेवढ्या रकमेवरची रोख.

पहिला अर्ज शाखा व्यवस्थापकांना. पोलिसांच्या नोटिशीची प्रत, तक्रारीचा पोच क्रमांक, वादातली नेमकी रक्कम आणि तपास अधिकाऱ्यांचा ईमेल लेखी मागा. काउंटरवर "वरून आलंय" एवढंच ऐकू येईल, तरी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. नोटिशीत फक्त ६१,६०० लिहिलेले असतील आणि बँकेने अख्खं खातं बंद केलं असेल, तर ती चूक बँकेची. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. नोटिशीतच पूर्ण खातं बंद करायला सांगितलं असेल, तर मात्र लोकपालाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दुसरा अर्ज तपास अधिकाऱ्यांना, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. सोबत बागेचा सातबारा, पेट्यांचं बिल, बसवाल्याची पार्सल पावती आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडा. पार्सल पावती हा तुमचा हुकमाचा पत्ता आहे. त्या चिटोऱ्यावर पेट्यांची संख्या आणि तारीख असते, आणि ती बिलाशी जुळली की निम्मं काम झालं. बहुतेक लोक ती दुसऱ्या दिवशी फेकून देतात. हरवली असेल तर बसवाल्याच्या बुकिंग ऑफिसातून नक्कल काढा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात ते दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. अर्जात 'ही रक्कम फसवणुकीची आहे हे मला मान्य आहे' असं वाक्य कुणाच्याही आग्रहाने लिहू नका. 'माझे हक्क अबाधित ठेवून ही रक्कम तूर्त रोखून ठेवण्यास हरकत नाही' एवढंच पुरे.

दोन-तीन आठवड्यांत काही हललं नाही तर दोन वाटा. एक, तेलंगणातल्या संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, जप्त मालमत्ता परत मिळवण्यासाठी अर्ज. त्यासाठी तिकडचा वकील लागेल. दुसरी, उच्च न्यायालयात रिट याचिका. खातं देवगडला आहे, नुकसान इथे झालं आहे, त्यामुळे इथे दाद मागता येते असं माझं मत आहे. समोरची बाजू हरकत घेईल, पण ती टिकेल असं वाटत नाही. आणि आता त्यासाठी मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सिंधुदुर्ग त्यात येतो. मात्र फक्त ६१,६०० सोडवण्यासाठी कोर्टात जाल तर वकिलाची फी आणि फेऱ्या यांतच त्यातले बरेच जातील. साडेतीन लाखांसाठी जा.

हप्त्याचं आजच बघा. कर्ज देणाऱ्या संस्थेला खातं गोठवल्याचं पत्र आणि बँकेचा मेसेज पाठवून मुदत मागा. कुणाला चेक दिला असेल आणि तो परतला, तर चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ ची नोटीस येऊ शकते. स्वतःहून बंद केलेलं खातं आणि पोलिसांनी रोखलेलं खातं यांत फरक आहे, पण तो उत्तरात मांडावा लागतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे.

मजुरीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडायला कायद्याची आडकाठी नाही. पहिल्या खात्याबद्दल विचारलं तर खरं ते सांगा. या हंगामातल्या उरलेल्या मालाचे पैसे त्या खात्यात घ्या, आणि पाठवणाऱ्याचं नाव गिऱ्हाइकाच्या नावाशी जुळल्याशिवाय पेटी बसमध्ये चढवू नका.